डोंगरावर लावलेलं नाव

ऐक, आणि आधी नुसतं ऐक. मध्ये डोकं चालवू नकोस, तुझी सवय मला माहितीये. चहा घे समोर आणि ऐक. स्वराली वर तिसऱ्या मजल्यावर बसलीये, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, श्रीनिवासकाका तिच्या शेजारी, आणि आत तिची आई, आपल्या कुसुमकाकू, सकाळी साडेसातपासून. हृदयाची झडप बदलतायत, तेवढं तुला फोनवर कळलंच. पण वर गेल्या गेल्या तू तिला ‘काही होणार नाही गं’ म्हणशील, आणि ते तिला आज नकोय, म्हणून तुला आधी इथं कँटीनमध्ये बसवलं. तिनंच पाठवलं मला. म्हणाली, तू सांग तिला सगळं, मला आता आणखी एकदा सांगणं जमणार नाही. एकदा तिनं बाबांना सांगितलंय, एकदा आईला, काल संध्याकाळी मला. मी सांगते ते तिचंच आहे, माझ्या पदरचं त्यात काही नाही, आणि असलंच तर ते घाईचं.

सुरुवात अगदी बारीक गोष्टीपासून झाली. मागच्या बुधवारी संध्याकाळी, टिळक रोडवरच्या तिच्या जपानीच्या क्लासमध्ये. तीन महिने ओसाकाला राहून आली होती ना ती, क्लायंटकडे दुभाषी म्हणून, तर आगाशे सेन्सेईंनी, म्हणजे क्लासच्या बाईंनी, तिला सांगितलं की फोटो घेऊन ये आणि बाकीच्यांना जपानीतून दाखव. लॅपटॉप बेंचवर ठेवून ती एकेक फोटो पुढे ढकलत होती. ऑफिस, खोलीतला एवढासा ओटा, आणि मग तो एक दिवस, कोयासान. कोयासान म्हणजे तिथला पवित्र डोंगर, वरती सगळी देवळंच देवळं, ओसाकाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. लाल पॅगोडा झाला, देवदाराची झाडं झाली, आणि मग तिचा आवडता फोटो आला. काशाच्या उंच मूर्ती ओळीनं उभ्या, समोर पाणी, आणि पाण्याच्या कडेला लाकडाची एक पातळ पट्टी, तिच्यावर काळ्या शाईत आईचं नाव जपानी अक्षरांत, कु-सु-मु, वरून पाणी ओघळतंय. स्वराली वाक्य जुळवत होती, मी माझ्या आईसाठी, आणि तेवढ्यात सेन्सेई उठल्या. चष्मा काढला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेतून वाकल्या, अगदी तिकडच्यासारख्या, आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या जे स्वरालीनं पुस्तकात एकदाच वाचलं होतं, सांत्वनाच्या धड्यात. मग मराठीत म्हणाल्या, “स्वराली, आई कधी गेल्या गं? कळवायचं तरी.”

वर्गात बारा जणं. पंखा फिरतोय, खाली बस थांब्यावर लागतीये, कंडक्टर डबल बेल देतोय, आणि हिला आठवतंय ते एवढंच की आपल्या तोंडावरचं हसू कसं उतरवायचं हे चेहऱ्याला समजेना, ते तिथंच राहिलं, चुकून चालू राहिलेल्या दिव्यासारखं. तिनं लॅपटॉप मिटला. सेन्सेईंनी बाहेर व्हरांड्यात नेऊन समजावलं, नीट, शांतपणे, की ती पट्टी मेलेल्या माणसासाठी असते. नाव लिहून मूर्तीपुढे लावायची आणि पाणी घालायचं, ते पाणी त्याला पोचतं. जिवंत माणसाचं नाव कुणी लावत नाही. मग म्हणाल्या, तू तर एवढी शिकलेली. हे ‘तू तर एवढी शिकलेली’ त्या रागानं म्हणाल्या नाहीत, आश्चर्यानं म्हणाल्या, आणि तेच हिच्या अंगाला चिकटलं. गाडी काढली, अलका टॉकीजचा सिग्नल लागला, सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, एक रिक्षावाला शेजारून म्हणाला, ताई, हिरव्याचा आणखी हिरवा व्हायचा नाही, आणि ही बघतीये त्या पट्टीकडे, त्या पाण्याकडे. तीनदा घातलं होतं पाणी. लाकडी दांड्याची पळी होती, पाणी इतकं गार की मनगटापर्यंत कळ गेली होती, आणि तेव्हा तिला वाटलं होतं, काय बरं वाटतंय.

घरी दार आईनंच उघडलं. हे तिनं मला तीनदा सांगितलं, की दार आईनंच उघडलं. पदराला हात पुसत, एक हात चौकटीला, दम खात. म्हणाली, “आज लवकर? क्लास संपला की बाईंनी हाकललं?” आणि स्वराली उंबऱ्यात उभी. रोज बघितलेली आई, नाकावर चष्म्याची खूण, कानामागं अडकवलेली हेअरपिन, पातळाला फोडणीचा वास, आणि प्रत्येक गोष्ट वेगळी वेगळी दिसतीये, ह्या सगळ्याची कुणीतरी यादी करत असल्यासारखी. आई म्हणाली, आत येणारेस का तिथूनच दर्शन घेणारेस. आत भिंतीवर तोच फोटो. काकांनी बुधवार पेठेतून काचेच्या फ्रेममध्ये करून आणलेला, देव्हाऱ्याच्या डाव्या बाजूला, रोज उदबत्ती ओवाळताना आईचा हात त्याच्याही समोरून जायचा.

आता हे नीट ऐक, कारण सगळं ह्यावरच आहे. काकू वर्षभर ऑपरेशनला नाही म्हणत होत्या. डॉक्टर सांगून थकले. झडप आकसलीये, थांबलात तर एक दिवस जिन्यातच पडाल. काकूंचं उत्तर ठरलेलं, माझी झडप आहे, मी बघते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायच्या आणि सोसायटीची नोटीस वाचायच्या, पाण्याची टाकी धुण्याची, तीन महिने जुनी, तीच रोज. कुणी वरून उतरलं की म्हणायच्या, बघा, अजून धुतली नाही. मुलानं, आमोदनं, अमेरिकेतून फोनवर वाद घातला, काकांनी अबोला धरला, काही उपयोग नाही. आणि मग स्वराली ओसाकाहून आली, बॅग उघडली आणि तो फोटो दाखवला. सांगितलं की डोंगरावर त्यांचे एक मोठे साधुपुरुष आहेत, बाराशे वर्षं होत आली, ते गेले असं तिथं कुणी म्हणत नाही, ध्यानाला बसलेत म्हणतात, अजूनही रोज दोन वेळा त्यांच्यापुढे जेवण नेतात. आई म्हणाली, म्हणजे आळंदीसारखं. स्वराली म्हणाली, अगदी आळंदीसारखं, आणि त्यांच्या वाटेवर तुझं नाव लावलंय. आईनं फोटो हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ. मग काकांना म्हणाली, अहो, त्या डॉक्टरला तारीख विचारा. एवढंच. वर्षभर जे कुणाला जमलं नाही ते त्या पट्टीनं केलं. आणि पट्टी कसली, तर ही अशी.

तू म्हणशील, जपानी येतं ना हिला, मग वाचलं नाही का. तेच ती स्वतःला विचारत होती, रोज हडपसरच्या ऑफिसला जाताना, सोलापूर रोडच्या त्या गर्दीत, धुरात, पाय टेकत टेकत. कशी चुकले. आणि प्रत्येक वेळी तो दिवस पहिल्यापासून सुरू व्हायचा. सकाळची ट्रेन, बरोबर दशरथ, तिच्याच टीमचा, जालन्याचा पोरगा, डब्यात त्यानं स्वतः लाटलेल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. खिडकीतून बांबू, मग संत्र्यांच्या बागा, मग बोगदे. शेवटच्या स्टेशनवरून दोरानं ओढला जाणारा तो तिरका डबा, इतका तिरका की दशरथ म्हणाला, देवाकडे चाललोय की विहिरीतून वर काढतायत आपल्याला. आणि वर गेल्यावर, हे ती हळू आवाजात सांगते, वर गेल्यावर तिला तीन महिन्यांत पहिल्यांदा परकं वाटेनासं झालं. एका देवळात होम चालला होता. साक्षात होम, समिधा पडतायत, पुरोहित हातानं मुद्रा करतोय, तोंडानं जे म्हणतोय त्यात मध्येच एखादा शब्द आपला, स्वाहासारखा, घासून घासून गुळगुळीत झालेला. वैरोचन, सरस्वती, सगळी मंडळी नाव बदलून हजर. दगडांवर जुनी अक्षरं, आपल्या लिपीच्या पणजीसारखी, न वाचता ओळखीची वाटणारी. दशरथ म्हणाला, हे तर सगळं आपल्याच घरचं आहे, फक्त शिस्त जास्त. ती हसली. आणि तिथंच तिचं लक्ष सुटलं. ऑफिसात, मीटिंगमध्ये, ती एकेक शब्द हातात धरून बघते, पुन्हा विचारते, वहीत लिहिते. इथं तिला वाटलं, इथलं मला आतूनच कळतं.

मग ती मोठी वाट, दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना देवदार आणि त्यांच्याखाली लाखो थडगी, शेवाळानं हिरवी, काही बुटकी, गळ्यात लाल लाळेरी बांधलेली, काही नुसते गोटे. ती स्मशानातून चाललीये हे तिला माहीत होतं. पण वाट संपत आली, पूल दिसला, पुलापलीकडे त्या साधूंचं स्थान, आणि पुलाच्या अलीकडे त्या मूर्ती, लोक पळीपळीनं पाणी घालतायत. तिच्या डोक्यात स्मशान तिथं संपलं होतं. समाधीपाशी आलो, आता अभिषेक करायचा, नाव सांगायचं. तिच्या पायाला, हाताला, सगळ्या शरीराला हे पाठ होतं, आईचं बोट धरून आळंदीला उभी राहायची तेव्हापासून. खिडकीतल्या म्हाताऱ्या पुरोहितानं विचारलं, कुणासाठी. आईसाठी, ती म्हणाली. त्यानं मान किंचित खाली घातली. मग आणखी काहीतरी विचारलं, एक शब्द तिला येत नव्हता. आणि तिनं हो म्हटलं. आपण उगाच म्हणतो ना, दशरथसमोर कुठं अडायचं, ते. पुन्हा विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्याच्या मान खाली घालण्यात काय होतं हे ती आता रोज बघते, रोज तिला ते अधिक स्पष्ट दिसतं, तेव्हा वाटलं होतं, किती अदबशीर माणसं आहेत ही.

शुक्रवारी तिनं फोन केला. हो, डोंगरावर, देवळाच्या कचेरीत. तू हसशील, पण तिला आधी तेवढंच सुचलं, की चूक झालीये ना, मग ती जिथं झाली तिथं कळवायची, जसं बग सापडला की कळवतात. मीटिंग रूम बुक केली अर्ध्या तासासाठी, काच असलेली, बाहेर दशरथ आणि बाकीचे बसलेले दिसतायत, ते समजतायत क्लायंटचा कॉल आहे. पलीकडे एक म्हातारा आवाज. तिनं अतिशय नम्र भाषेत सगळं सांगितलं, नाव, दिवस, पट्टी, आणि शेवटी की माझी आई जिवंत आहे. मग त्या आवाजानं विचारलं, तब्येत बरी आहे का त्यांची. ती म्हणाली, आज सकाळी डबा विसरले म्हणून मला ओरडली. तो हसला, बारीक, आणि म्हणाला, छान. मग म्हणाला की इतक्या पट्ट्यांतून एक शोधून काढता येणार नाही, ठरावीक काळानं त्या काढून अग्नीला दिल्या जातात, तशी हीही जाईल. आणि जाता जाता त्यानं विचारलं, आईंना हे सांगितलंत का. नाही, ती म्हणाली. ‘असं होय,’ तो म्हणाला, आणि पुढे काही नाही. दुभाषाला ह्या गप्प बसण्याचंसुद्धा भाषांतर करायला शिकवतात, तिथं नाही म्हणायचं असलं की माणसं गप्प होतात वगैरे. पण हे त्यातलं नव्हतं. तो काही सुचवत नव्हता. तो नुसता थांबला होता, तिच्यासाठी, फोन धरून. आणि काचेबाहेर दशरथ तिला खुणेनं विचारत होता, जेवायला येतेस का.

रविवारी सकाळी तिनं बाबांना सांगितलं, काकू भाजी आणायला खाली गेल्यावर. काका म्हणजे सरळ माणूस, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं टेबलावर काढलेली, कुठलंही काम आलं की आधी जुनी फाईल शोधायची. त्यांनी लगेच जुनी फाईल काढली. म्हणाले, अगं, हे तर चांगलंच झालं. माझी तार आठवत नाही का तुला. तुला माहितीये ना ती पद्धत, कावळा अंगाला शिवला की लांबच्या नातेवाइकाला खोटी तार करायची, अमका गेला म्हणून, म्हणजे गंडांतर टळतं, आयुष्य वाढतं. काकांच्या डोक्याला कावळा शिवला होता, स्वराली नऊ वर्षांची होती तेव्हा. मोठ्या आत्यांनी हट्ट धरला, आणि कराडला काकूंच्या भावाला, रंगनाथमामांना तार गेली, श्रीनिवास गेले, ताबडतोब या. काका हसत सांगत होते, की बघ, त्याला सोळा वर्षं झाली, मी ठणठणीत. तसंच तुझ्या आईचं. उलट देवळात लागलंय नाव, तारेपेक्षा पक्कं काम. फक्त तिला आत्ता बोलू नकोस. येता शुक्रवार होऊ दे, झडप बसू दे, मग आपण तिघं मिळून हसू. आणि आवाज खाली करून म्हणाले, “तू आत्ता सांगितलंस आणि ती पुन्हा नाही म्हणाली, तर पुढे जे होईल ते तुझ्या डोक्यावर. ते तुला झेपणार नाही, बाळा.”

आणि ते खरं होतं, बघ. त्यात काही खोट काढता येत नव्हती. ती हो म्हणून मान हलवून उठली, गॅलरीत गेली. खाली आई भाजीवाल्याशी बोलत होती, एक हात हातगाडीवर, तोही दम खायलाच, पण वरून वाटावं की गप्पा मारतीये. आणि स्वरालीला तारेची ती दुसरी बाजू आठवली, जी बाबांच्या फाईलमध्ये नव्हती. रंगनाथमामा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पायात घरातल्या सपाता. कराडहून एसटीनं, घरातल्या सपाता घालून. दार आईनं उघडलं, मागं बाबा लुंगीत उभे, जिवंत, आणि मोठ्या आत्या म्हणाल्या, या, या, तोंड गोड करा. शिरा केला होता. मामांनी शिरा खाल्ला. हसलेही. आईनं त्यांना पाणी दिलं तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते. आणि जाताना जिन्यात, नऊ वर्षांची स्वराली कठड्याला लोंबकळत होती तिथं, ते आईला म्हणाले, “कुसुम, तुझ्या मालकांचं वाढलं असेल. माझं कमी झालं.” त्यानंतर ते कधी मुक्कामाला राहिले नाहीत. सकाळी यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. आई दर वेळी म्हणायची, रहा रे, आणि ते म्हणायचे, नको, शेतावर काम आहे, आणि शेत तर कधीच विकलं होतं. कुणाला तरी न विचारता, त्याच्या नाही, दुसऱ्याच्याच भल्यासाठी, काहीतरी खोटं हातात दिलं होतं, आणि तो माणूस ते धरून एसटीत बसून आला होता.

त्या गॅलरीत तिचं ठरलं. रडणं-बिडणं काही नाही, ती म्हणते तिला एकदम गार आणि मोकळं वाटलं, त्या पळीतल्या पाण्यासारखं. सांगायचं. सही व्हायच्या आधी सांगायचं. कारण आई हो म्हणालीये ते एका फोटोला, आणि फोटोत जे आहे ते तिला माहीत नाही, मग तो होकार कुणाचा. तिला मागच्या वर्षीची मीटिंग आठवली, क्लायंटनं ‘हे जरा अवघड आहे’ म्हटलं होतं, म्हणजे साफ नाही, आणि मॅनेजरचा चेहरा बघून हिनं ते मऊ केलं, ‘ते विचार करतायत’ केलं. टीमनं तीन शनिवार-रविवार घालवले आधीच नाकारलेल्या कामावर. दशरथ बहिणीच्या साखरपुड्याला गेला नाही. तेव्हा तिनं स्वतःला बजावलं होतं, वाक्य आलं तसं पुढे द्यायचं, मधलं माणूस म्हणून आपण कुणाचं भलं ठरवायचं नाही. मी तिला काल म्हटलं, अगं पण ती मीटिंग होती, ही आई आहे. ती म्हणाली, म्हणूनच. आणि तरी सोमवारी नाही सांगितलं, मंगळवारी नाही. मंगळवारी आई उदबत्ती ओवाळताना त्या फोटोसमोर थांबली, फ्रेमचा कोपरा पदरानं पुसला, आणि हिच्या तोंडात शब्द तयार होते, ओठाशी, पण आई वळून म्हणाली, कोथिंबीर निवड, आणि हिनं कोथिंबीर निवडली. ठरलेलं असूनही माणूस कोथिंबीर निवडत बसतो. बुधवारी ॲडमिट केलं.

काल दुपारी तो संमतीचा कागद आला. एक तरुण डॉक्टर, झोप न झालेला, भराभरा सांगून गेला, वाचून सही करा, सिस्टर घेऊन जाईल. काकू पलंगावर टेकून बसलेल्या, काका स्टुलावर. काकू म्हणाल्या, मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, तू वाच. तर हिनं वाचला. सगळा. रक्तस्राव, पक्षाघात, आणि मृत्यू, तोही शब्द तसाच वाचला, न अडखळता, बाबा मध्ये खोकले तरी. मग कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आई, सही करायच्या आधी एक आहे. काका उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. आणि हिनं सांगितलं. पट्टी कशाची असते, पाणी कशाला घालतात, तिथं कुणाची नावं लावतात. सेन्सेई काय म्हणाल्या. देवळात फोन केला तेही. म्हणाली, तू ह्या फोटोवर हो म्हणाली असशील तर तो फोटो असा आहे. तुला नको असेल तर नको म्हण, मी डॉक्टरांना सांगते.

शेजारच्या पलंगावरचा रेडिओ चालू होता, कुठल्या तरी साबणाची जाहिरात. मग काकू म्हणाल्या, “दोन किलोमीटर थडगी बघत गेलीस आणि तुला कळलं नाही.”

“नाही कळलं.”

“एवढ्या परीक्षा दिल्यास त्या जपानीच्या. स्वतःच्या आईला जाऊन मारून आलीस, आणि वर फोटो काढून आणलास.”

काका खिडकीपाशीच उभे राहून म्हणाले, कुसुम, अगं त्यानं आयुष्य वाढतं, माझ्या तारेचं बघ. तर काकू तिथूनच म्हणाल्या, तुम्ही गप्प बसा, तुमच्या तारेनं माझा भाऊ गेला माझ्याकडून. सोळा वर्षांत पहिल्यांदा. काकांनी मागं वळून बघितलं, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. सिस्टर आली, कागदाचं विचारलं, काकूंनी हातानंच थांब म्हटलं आणि ती गेली. आणि ह्या वेळात, स्वराली म्हणते, मला वाटत होतं की आता नाही म्हणेल, आता म्हणेल घरी चला, आणि जिन्यात ती नोटीस, आणि एक दिवस तिथंच, आणि ते सगळं माझं. पण मी शब्द परत घेत नव्हते.

मग काकूंनी विचारलं, पाणी कुणी घातलं. भटजीनं?

“नाही. तिथं ज्याचं त्यानं घालायचं असतं. मी घातलं. तीनदा.”

काकू भिंतीकडे बघत होत्या. आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, “आमोदला सुट्टी मिळत नाहीये. मी विचारलं नव्हतं, त्यानंच आपणहून सांगितलं. वर्षभर माझ्या मनात तेवढंच यायचं. टेबलावरच राहिले तर पाणी द्यायला कोण पोचणार. कुणाला बोलायचं हे.” पायांवरचं पांघरूण सारखं केलं. “तर ते होऊन गेलंय म्हणायचं.”

आणि पेन मागितलं. सही केली, कुसुम श्रीनिवास, सावकाश, आडव्या रेघेसकट. कागद सिस्टरला दिला आणि काकांना म्हणाल्या, भिंतीवरचा तो फोटो उतरवा घरी गेलात की.

आता ह्याला तू काय म्हणशील. माफ केलं म्हणशील? मलाही काल तसंच वाटलं. पण त्यानंतर काकू हिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. काल संध्याकाळी नाही, आज सकाळी नाही. आज सकाळी ट्रॉलीवर घेतलं, गाऊन घातला, केसांना ती हिरवी टोपी, आणि काकांना सांगतायत, दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांगा, गॅस बघा, तुळशीला पाणी. स्वराली पायाशी उभी. तिच्याकडे बघून काहीच नाही. दारापाशी सिस्टर म्हणाली, आजी, चष्मा काढा, आत चालत नाही. काकांनी हात पुढे केला. काकूंनी चष्मा काढला, काकांचा हात तिथंच होता, आणि त्यांनी तो स्वरालीच्या हातात दिला. मग दार लागलं.

तेव्हापासून ती तशीच बसलीये वर, चष्मा हातात, मिटलासुद्धा नाहीये. मी विचारलं, पश्चात्ताप होतोय का. ती म्हणाली, नाही, भीती वाटतीये, ते वेगळं. पुन्हा वेळ आली तरी हेच करेन, म्हणाली. आणि काका मला बाजूला घेऊन म्हणाले, चार दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं, आत जाताना तिचा जीव तरी निवांत असता. मला दोघांचंही पटलं, आणि हाच माझा घोळ झालाय बघ. अजून दोन तास तरी लागतील म्हणतायत आत. चल, चहा गार झाला तुझा, राहू दे, जिन्यानं जाऊ, लिफ्टला गर्दी आहे. पण वर पोचायच्या आत मला एवढं सांग, तिच्यासमोर नको, इथंच सांग. कागद मांडीवर आहे, पेन आईच्या हातात द्यायचंय, आणि ती तुझ्याकडे बघतीये. तू काय केलं असतंस?